एका सुताची फट

गाडीत मी पहिला तक्ता बसवला त्या दिवशी माझ्या घराच्या भिंतीचा तेवढाच तुकडा गेला. चार फूट लांब, दोन फूट रुंद. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा माझी बायको हिरा खाटेवर पडून त्या भोकातून रस्त्याकडे बघत होती.

"कवा गेलं?" मी विचारलं.

"दुपारी. तुमच्या चहाच्या वेळंला."

चहाला बसण्याआधीच मी त्या तक्त्याचा शेवटचा स्क्रू पिळला होता.

वीट पडलेली नव्हती, माती सांडलेली नव्हती. कडा करवतीने कापल्यासारख्या साफ होत्या. मी खिशातला टेप काढून माप घेतलं. लांबीला एक सूत कमी, रुंदीला एक सूत कमी. प्लाय पावसाळ्यात फुगतो, म्हणून जागेपेक्षा तक्ता एका सुताने लहान कापायचा अशी माझी चाळीस वर्षांची सवय आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भिंतीने माझ्या तक्त्याचं माप बरोबर उचललं होतं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, हिरा उठत नाही. दोन वर्षं ती हीच भिंत बघत पडली होती. त्या दिवशी तिला वाईट वाटलं नाही. उलट म्हणाली, बरं झालं, येणारी-जाणारी माणसं दिसतात. मीही फार विचार केला नाही. भोकाला जुनं लुगडं बांधलं आणि भात टाकला.

मी काम करतो ती शेड हायवेला लागून आहे. शब्बीर मुजावर तिचे मालक. आधी आम्ही एसटीसारख्या मोठ्या गाड्यांच्या बॉड्या बांधायचो. आता लोक मालाच्या बंद व्हॅन आणतात आणि आत राहायची सोय करून मागतात. पलंग, ओटा, कपाट. पण त्याच्या आधी भिंती आणि छत. गाडीच्या लोखंडी फासळ्यांवर लाकडी पट्ट्या मारायच्या, मधल्या जागेत थर्मोकोल भरायचा आणि वरून प्लायचे तक्ते लावायचे. पत्रा झाकला गेला की गाडी घरासारखी दिसायला लागते.

ही गाडी रेगेबाईंची होती. त्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. रोज सकाळी थर्मास घेऊन यायच्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर गाडीकडे तोंड करून बसायच्या. कुठे जाणार, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. जागा ठरलेली नाही, कुठे थांबायचं नाही एवढंच ठरलंय, असं त्या म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी दोन तक्ते बसवले. घरी दोन तुकडे कमी झालेले होते. ते शेजारी शेजारी होते, पण दोघांच्या मधे मी फट सोडली होती, तेवढी भिंत जागेवर राहिली होती. एक सूत जाडीची, जमिनीपासून वरपर्यंत उभी, दोऱ्यासारखी. त्यात वीट होती, माती होती, वरचा चुनाही होता. मी फुंकर मारली. ती हलली नाही.

"हात लावू नगासा," हिरा म्हणाली.

शेजारच्या आक्काताई येऊन बघून गेल्या. म्हाताऱ्याला मरणाच्या वयात हवेलीची हौस आली, आता रोज एक खिडकी पाडतोय, असं त्यांनी बाहेर जाऊन चार जणींना सांगितलं. दूधवाला दुसऱ्या दिवसापासून दाराशी यायचा थांबला. तो भोकातून हात आत घालून हिराच्या उशाशी दुधाची पिशवी ठेवायचा. ती झोपलेली असली तरी.

मी शब्बीरभाईंना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, मिस्त्री, गाडी सोमवारी द्यायची आहे, घरचं घरी बघा. मी म्हणालो, मग मी सोमवारपर्यंत घरीच बघतो. ते हसले आणि म्हणाले, बघा, काम काय थांबत नाही.

गुरुवारी मी गेलो नाही. हिराच्या खाटेजवळ पाट टाकून बसलो. अकराच्या सुमारास खाटेमागच्या भिंतीचा तुकडा गेला. आवाज झाला नाही. शेडमधे माझ्या जागी माझ्या हाताखालच्या बंडाने तक्ता लावला असणार, हे मला कड बघून कळलं. बंडा हात चालवतो पण काटकोन बघायला गुण्या लावत नाही. भिंतीचा तुकडा वाकडा गेला होता. त्याच्याबरोबर देव्हाऱ्याचा अर्धा भाग गेला, आणि हिराची वेणी भिंतीला टेकलेली होती, तीही गेली. तिरकी कापून. हिराने हात मागे नेऊन चाचपून बघितलं.

"ह्यो कोन हाय कापणारा?"

"बंडा."

"त्येला म्हनावं, तुझ्या आयला येनी नव्हती का."

जरा वेळाने ती म्हणाली की उद्यापासून तुम्हीच जा. मी केलं तर निदान रेघ सरळ जाईल, एवढंच आता माझ्या हातात होतं. मी शुक्रवारी कामावर गेलो.

त्या दिवशी सकाळी एक प्रयत्न मात्र केला. बंडाने लावलेला वाकडा तक्ता मी स्क्रू काढून उतरवला आणि दूधवाल्याच्या मालाच्या रिक्षात घालून घरी नेला. घराच्या भोकात बसवून बघितला. अचूक बसला. दाबला तर आवाजही भिंतीसारखा आला. तेवढ्यात हिराने समोर बोट केलं. समोरच्या भिंतीतून तेवढाच वाकडा तुकडा नाहीसा झाला होता. बंडाने तिकडे गाडीत त्या जागी दुसरा तक्ता लावून टाकला होता. मी आणलेला तक्ता दुपारपर्यंत टिकला. मग कुणीतरी आतून ओढून घ्यावा तसा तोही गेला.

परत शेडमधे गेलो तेव्हा शब्बीरभाई गाडीत उभे राहून सगळ्यांना आत बोलावत होते. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, पत्र्याला हात लावला तर भाजत होतं. आत थंड होतं. माझं थर्मोकोलचं काम शेडमधे एक नंबर आहे, असं ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. मी तक्त्याला तळहात लावला. तो गारवा थर्मोकोलचा नव्हता. मातीच्या भिंतीचा होता. कान लावला तर आत आक्काताई त्यांच्या सुनेला बोलत होत्या.

रेगेबाई खुर्चीवरून माझ्याकडे बघत होत्या. मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि मला दिला.

"माझ्याही घराचं असंच झालं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर गाडी करून घेतेय."

"तुमच्या भिंती कुनाकडं गेल्या?"

"ते मी विचारलं नाही, मिस्त्री. त्यांचीही गाडी निघायची होती."

मी चहा प्यायलो. झाकण धुऊन परत दिलं.

शनिवारी छताला हात घातला. छताचे तक्ते लांब असतात आणि मधे थोडे वाकवावे लागतात. पहिला तक्ता बसला तसं हिराच्या पायांवर ऊन आलं. दुसरा बसला तसं पोटावर आलं. मी घरी जाऊन वरून ताडपत्री टाकली. रविवारी तिसरा तक्ता लावला, तेव्हा ताडपत्रीतूनही तेवढाच तुकडा गेला. पलंगाची फळी लावली तेव्हा खाट गेली. हिरा जमिनीवर होती. कशी उतरलीस, विचारलं. उतरली न्हाई, खाट निघून गेली, असं ती म्हणाली.

आता घर म्हणजे फक्त फटी राहिल्या होत्या. मी तक्त्यांमधे सोडलेली एक एक सुताची जागा, तेवढंच उभं होतं. उभ्या रेघा, आडव्या रेघा, वर छताला चार बाकदार रेघा. बंडाच्या दोन रेघा तिरक्या होत्या, त्या लांबूनही ओळखू येत. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून त्यातून आत बघायची आणि मधे हिरा निजलेली दिसली की पुढे जायची. आक्काताईंनी त्या संध्याकाळी तिच्यावर चादर टाकली. तोंडावरून. हिराने ती खाली ओढली.

"भिंती तिकडं हाईत," ती मला म्हणाली. "छत तिकडं. खाट तिकडं. मग मी हितं कशाला?"

मी शेवटच्या तक्त्याचा विचार करत होतो. पलंगाच्या वर छताचा एकच तुकडा लावायचा राहिला होता. जागा पाच फूट एक इंच लांब, दीड फूट रुंद. घराचं छत तर संपलं होतं, मग एवढ्या मापाचं घरात काय शिल्लक आहे ते मी शोधत होतो. दार आधीच गेलं होतं. ट्रंक लहान होती. भांड्यांची मांडणी साडेचार फुटांची, तीही अर्धी गेलेली. मी टेप घेऊन सगळ्या घरात फिरलो. मग हिराच्या शेजारी येऊन उभा राहिलो.

तिने आपणहून पाय सरळ केले. मोडका पाय पुरा सरळ होत नाही, तो तिने हाताने धरून दाबला. मी गुडघ्यावर बसलो आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावला. मग खांद्यापासून खांद्यापर्यंत.

"किती भरलं?"

"पाच फूट, वर एक सूत कमी एक इंच."

"आनि रुंद?"

"दीड फूट. त्येला बी सूत कमी."

तिने वर बघितलं. वर रेघा होत्या आणि त्यांच्यावर आभाळ होतं.

"तुमीच लावा," ती म्हणाली. "बंडाला देऊ नगा."

सोमवारी सकाळी मी दूधवाल्याच्या रिक्षात तिला आडवी घालून शेडवर आणली. माझा हिशेब सरळ होता. तक्ता बसेल तेव्हा जे जायचं ते घरातून जाणार. ती घरात नसली तर ती कशी जाईल? बंडाने आणि मी तिला उचलून गाडीत पलंगावर ठेवलं. ती एकदा चारी भिंतींकडे बघून घेऊन हसली. हितं पोपडा होता बघा, म्हणत तिने प्लायच्या एका जागी बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. पण आमच्या भिंतीला पोपडा तिथेच होता.

रेगेबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी आरशातून मागे बघितलं.

"यांना गाडीत का घेतलंत?"

"घरात ठेवायला घर न्हाई, बाई. तक्ता बसला की उतरवतो."

"तक्ता बसला की मी निघणार, मिस्त्री. थांबता येत नाही."

"उतरवायला दोन मिनिटं."

"तेवढीही नसतात," त्या म्हणाल्या. ते त्या रागाने म्हणाल्या नाहीत. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

मला तेव्हा कळलं की माझा हिशेब कुठे चुकला. घर आता इथे होतं. त्या रेघांमधे आम्ही राहत नव्हतो. खाट इथे, भिंती इथे, गारवा इथे, आक्काताईंचा आवाजसुद्धा इथे. मी तिला घरातून बाहेर काढलं नव्हतं. घरी आणलं होतं.

मी तिला उचलायला वाकलो. एकट्याला जमेना. बाहेर बंडा ड्रिल हातात घेऊन उभा होता. मी हाक मारली, तर तो म्हणाला, मिस्त्री, त्यांना उचलायला नंतर येतो, आधी तक्ता दमवत असेल तर सांगा, मी लावतो. शब्बीरभाई मनगटावरचं घड्याळ बघत होते. तक्ता तसाच पडून राहिला तर बंडा आत येणार होता. तो गुण्या लावणार नव्हता.

"द्या की वर," हिरा म्हणाली. "सरळ लावा म्हंजे झालं."

मी तक्ता उचलला. पलंगाच्या कडेला उभं राहून तो वर नेला आणि जागेला लावला. छताचा तक्ता एकट्याने लावायचा तर डोक्यानेच पेलावा लागतो. टाळूने वर रेटून धरायचा आणि दोन्ही हात मोकळे करायचे. स्क्रू ओठांत धरायचे, चार. एक एक काढून पिळायचा. मान ताठ ठेवायची.

पहिला स्क्रू हिराच्या डोक्याच्या बाजूला पिळला. दुसरा पायाकडे. फट चारी बाजूंनी सारखी होती, मी बोटाने बघितली. एवढी सरळ रेघ मी आयुष्यात कधी मारली नसेल. तिसरा स्क्रू पिळताना गाडी सुरू झाली. पायाखालची फळी थरथरली. काचेतून दिसणारा शेडचा खांब हळूच एका बाजूला सरकला.

"बसला का?" हिराने खालून विचारलं.

चौथा स्क्रू माझ्या ओठांत होता. मला खाली बघता येत नव्हतं. तिने पुन्हा विचारलं, या वेळी आवाज जरा लांबून, टाळूवरच्या तक्त्यातून आल्यासारखा आला. मी मान हलवली असती तर तक्ता खाली आला असता.