आभाळाला ठिगळ

माझ्या कडेच्या एका चिपेवर मोहरीएवढा धूसर ठिपका होता. त्याची कड विरळ होती, मध्यभाग दाट. तो धुळीचा नव्हता, बर्फाचा होता. मित्रांनो, माझी गोष्ट त्या ठिपक्यापासूनच सांगायला हवी.

मी एका मोठ्या दुर्बिणीचा जुना कॅमेरा आहे. पौर्णिमेचे कितीतरी चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढे आकाश माझ्या एका चित्रात येते. त्यासाठी माझ्या पोटात प्रकाश टिपणाऱ्या चिपा फरशीसारख्या खेटून बसवल्या आहेत. त्यांना कडाक्याची थंडी लागते आणि भोवती हवा अजिबात चालत नाही. झाकणाची रबरी कडी ती हवा बाहेर अडवते.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. पाहुणे येत, माझी चित्रे भिंतींवर लागत. मग रबर कडक झाले, दमट हवा आत झिरपली आणि तिच्यातली वाफ चिपेवर गोठली.

माझी देखभाल करणाऱ्या अभियंता बाईंना वेधशाळेत सगळे ताई म्हणत. त्यांच्या ते लगेच लक्षात आले. "सर, याला बंद करून सावकाश कोमट होऊ द्यावं लागेल. कडी बदलायची, मग परत थंड करायचं. महिना जाईल. नाहीतर एकेक चिप आंधळी होईल."

"महिना? आणि तोवर आकाश काय तुझा काका टिपणार?" वेधशाळेचे प्रमुख असलेले सर हसले. "हा हंगाम जाऊ दे गं."

तोवर भागावे म्हणून ताईंनी एक युक्ती केली. संगणक ठिपक्याची जागा वगळी आणि शेजारच्या आकाशाचा रंग तिथे भरी. चित्र स्वच्छ दिसू लागले आणि तिथेच माझा घात झाला. स्वच्छ चित्र पाहून आजाऱ्याची आठवण कुणाला राहते? पुढच्या हंगामात ताईंनी पुन्हा विषय काढला, तर सर म्हणाले, "अगं, तुझ्या ठिगळावर झकास चाललंय की!" ठिपका वाटाण्याएवढा झाला. ठिगळही वाढले.

आम्ही आकाशाचे ठरलेले तुकडे दर वेळी तसेच टिपत असू. त्यामुळे ठिगळाखाली जाणारी जागाही तीच असे. एका वर्षी नेमका तिथेच एका ताऱ्याचा स्फोट झाला. दुसरीकडच्या एका लहानशा दुर्बिणीने तो शोधला आणि नाव तिचे झाले. ताईंनी माझी मूळ, न सजवलेली चित्रे काढून पाहिली. बर्फाआडून एक फिकट ठिणगी त्यांत दिसत होती. मी पाहिले होते. माझ्याच माणसांनी ते पुसले होते.

बैठकीत सर म्हणाले, "कॅमेराच म्हातारा झालाय." मित्रांनो, वस्तूला उलट बोलता येत नाही, म्हणून खापर तिच्यावर फुटते. तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूचे दुखणे रंग लावून झाकू नका. ते आत वाढतच राहते.

त्या दुपारी सर घुमटात आले. ताई माझ्याजवळ स्टुलावर बसल्या होत्या.

"ठिगळ अजून थोडं मोठं कर. एवढा हंगाम निघेल."

"आता उघडलं तरी किती चिपा वाचतील, सांगता येत नाही, सर."

"मग उघडायचंच कशाला?"

ताईंनी मान खाली घातली. मला वाटले, झाले, याही वेळी त्या "बरं" म्हणणार. पण त्या उठल्या.

"याची थंडी मी आत्ता बंद करतेय, सर. विचारत नाहीये."