वय वर्षे चव्वेचाळीस

शिवणकाकूंनी आयुष्यात हजारो लोकांची मापं घेतली. कुणाच्या कमरेचा आकडा त्यांनी कधी चुकवला नाही, की कुणाचं मन राखायला कमी करून सांगितला नाही. आणि स्वतःच्या वयाचा आकडा मात्र बाईंनी अर्जावर धडधडीत खोटा लिहिला. चव्वेचाळीस! खरं वय छप्पन्न. एकदोन नव्हे, चांगली बारा वर्षं गिळून टाकली.

याला कारण त्यांचे यजमान. अँब्युलन्सवर काम करणारे टेक्निशियन तयार करायचा जो कोर्स असतो, त्याचा अर्ज काकू घेऊन आल्या, तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "पंचेचाळीसच्या पुढे घेत नाहीत कुणाला. असल्या कामात तसा नियमच असतो." त्यांना त्या नियमाची काडीची माहिती नव्हती, पण ठासून बोलायची सवय जुनी. काकूंनी विश्वास ठेवला. तेहेतीस वर्षांच्या संसारात एवढं एक शिकायचं त्यांचं अजून राहूनच गेलं होतं.

आता या वयात हे खूळ डोक्यात शिरलं कुठून? शिरलं ते लेकीमुळे. लेक तीन वर्षं अँब्युलन्सवर होती. कामावरून यायची, दारातच बूट काढायची. "कसा गेला दिवस?" असं काकूंनी विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही गं, नेहमीचंच." एखाद्या दिवशी जेवणावर तुटून पडायची, एखाद्या दिवशी ताटाला हातही लावायची नाही आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काकूंनी लाडीगोडी लावून पाहिली, रागावून पाहिलं. पोरीच्या तोंडाला कुलूप ते कुलूपच. एकदा तर ती म्हणाली, "जाऊ दे आई, तुला नाही कळायचं." हे मात्र काकूंच्या जिव्हारी लागलं. नाही कळायचं? बरं! मग शिकूनच घेते. मग बघू कसं कळत नाही ते!

अर्ज द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. खिडकी एकला बंद होणार होती. काकूंनी दुकानाला कुलूप लावलं, खांद्यावर राहिलेली मोजपट्टी तशीच घेऊन धावतपळत प्रशिक्षण केंद्र गाठलं आणि रांगेत उभ्या राहिल्या. पुढे वीसेक पोरंपोरी, सगळी त्यांच्या धाकट्या गिऱ्हाइकांच्या वयाची. रांग सरकता सरकता खिडकीतलं माणूस दिसलं आणि काकू जागीच थबकल्या. खिडकीत त्यांची लेक बसली होती! टेक्निशियन लोकांना आळीपाळीनं तिथे बसावं लागायचं आणि नेमकी आज तिची पाळी. सकाळी "कामावर जाते" एवढंच सांगून गेली होती. कुठे बसणार, ते ही बया कशाला सांगेल!

आता पळ काढावा का? पण मग कोर्स वर्षभर लांबणार. काकूंनी एक उंच पोरगा बघितला आणि त्याच्या पाठीआड दडल्या.

लेकीचं काम भारी चोख. पुढच्या एका मुलीला अठरा पूर्ण व्हायला नऊ दिवस कमी होते आणि बिचारी रडकुंडीला आली होती. लेकीनं बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, "वर्ग पंधरा दिवसांनी सुरू होणार. वय त्या दिवशी पूर्ण लागतं, आज नाही. हास की आता!" ती मुलगी उड्या मारतच गेली. काकूंना एकीकडे लेकीचा अभिमान वाटला आणि दुसरीकडे घाम फुटला. जी दिवस मोजते, ती वर्षं काय सोडणार?

"पुढचे!"

उंच पोरगा बाजूला झाला. मायलेकी समोरासमोर.

"आई? डबा विसरले का मी?"

"डबा नाही गं. अर्ज आणलाय."

"कुणाचा?"

काकूंनी अर्ज आत सरकवला. लेक वाचत गेली. नाव, पत्ता, व्यवसाय शिवणकाम. पुढे गेली आणि थबकली.

"चव्वेचाळीस? आई, मी एकोणतीसची आहे. म्हणजे मी झाले तेव्हा तू पंधराची होतीस?"

"हळू बोल, छकुले!"

"आणि दादा बाराव्या वर्षी झाला का?"

रांगेतल्या पोरांना हसू आवरेना. त्यात काकूंनी प्रामाणिकपणे जन्माचा दाखला जोडला होता. वर खोटं वय, खाली टाचणीनं लावलेली खरी तारीख. वजाबाकी कुणी करणार नाही, या भरवशावर.

"अगं पण खोटं का लिहिलंस? वरच्या वयाची अटच नाही इथे!" लेकीनं भिंतीवरच्या नियमांकडे बोट दाखवलं. वर्ग सुरू होईल त्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण हवीत. त्याखाली वयाबद्दल एक अक्षर नव्हतं.

काकूंनी मनातल्या मनात यजमानांचा उद्धार केला. पण आता उशीर झाला होता. पुढचाच नियम असा, की खोटी माहिती दिली तर अर्ज रद्द. आणि कोरे अर्ज तर सकाळीच संपले होते.

गलका ऐकून मागच्या खोलीतून मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी अर्ज पाहिला, दाखला पाहिला. "चूक झाली असेल तर खाडाखोड चालते," त्या म्हणाल्या. "खिडकीवरच्या माणसानं सही करायची. पण चूकच आहे, अशी खात्री पाहिजे. बाई, हे चुकून झालं की मुद्दाम?"

काकूंना एकाच दिवसात दोनदा खोटं बोलवेना. "मुद्दाम. नवऱ्याचं ऐकलं."

"मग ती चूकच," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "पण स्ट्रेचरची परीक्षा असते हं. ऐंशी किलोचा पुतळा तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचा. दोघांत मिळून."

"झालाय सराव! हिच्या बाबांना जाड चादरीत घालून मी आणि शेजारीण तीनदा खाली घेऊन आलो. तिसऱ्या खेपेला तर ते वाटेत झोपले."

मॅडम हसत हसत आत गेल्या. जाता जाता लेकीला म्हणाल्या, "सही तुझी, तू ठरव."

लेकीनं पेन उचललं, पण तिचा हात पुढे जाईना. तिचा चेहरा उतरला होता. "आई, तुला काय माहीत तिथे काय काय बघावं लागतं! मी घरी आणत नाही ते तुझ्यासाठीच ना? कशाला हवंय तुला हे?"

मागे अख्खी रांग कान टवकारून उभी होती. काकूंनी लाज गुंडाळून ठेवली.

"मला गाडीवर नोकरी मिळाली तर छान, नाही मिळाली तरी माझी मशीन आहे," त्या म्हणाल्या. "पण तू जेवत नाहीस त्या दिवशी तुला काय झालेलं असतं, ते मला कळत नाही गं. तीन वर्षं मी नुसती दाराबाहेर उभी आहे. तुझी भाषा आली, तर सांगशील ना मला?"

लेकीनं चव्वेचाळीसवर सरळ रेघ मारली, वर छप्पन्न लिहिलं आणि सही केली. सही जरा वाकडी आली. "पुढचे!" ती ओरडली.

काकू बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसल्या. आनंद पोटात मावत नव्हता. एक वाजता खिडकी बंद झाली, तशी लेक डबा घेऊन बाहेर आली. शेजारी टेकली. डबा उघडला, एक घास काकूंच्या हातात दिला.

"मंगळवारी एका आजोबांना आणायला गेलो होतो," ती एकदम म्हणाली. "चौथा मजला, लिफ्ट बंद. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, मला नाडीसुद्धा बघू देईनात. सारखे विचारत होते, बायकोला घाबरवलं नाहीस ना? नाही म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि तो हात सुटला." मग तिनं त्यांना शुद्धीवर आणायला काय काय केलं ते सांगितलं. यंत्रांची नावं, औषधांची नावं. काकूंना त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. लेकीचा हात तेवढा हातात घेतला.

दोनची घंटा झाली. लेकीनं डोळे पुसले, डबा बंद केला आणि उठली. दारापर्यंत जाऊन वळली.

"उरलेलं घरी सांगते," ती म्हणाली.