न झाडलेल्या चार ओळी

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची. त्या साली गावात दोन नव्या गोष्टी आल्या, एक वीटभट्टी आणि दुसरा शेतकी खात्याचा साहेब. भट्टीवाल्याला शेतातली वरची माती हवी होती आणि साहेबाचं म्हणणं, ती माती झाकून ठेवा. दोघं एकाच मातीच्या मागे लागले होते, पण भट्टीवाल्याकडे ट्रक होता आणि साहेबाकडे सायकल.

साहेब जाईल तिथे एकच सांगायचा. मका काढल्यावर ताटं जाळू नका, तुकडे करून तिथेच पसरा, खाली ओल धरून राहते. महिन्याभरात लोकांनी त्याचं नाव पाचोळा ठेवलं. तोंडावर साहेबच म्हणत. एकदा चुकून कुणीतरी 'पाचोळासाहेब' अशी हाक मारली, तर त्याने ओ दिली.

गावाची खोड अशी, की शेत अंगणासारखं स्वच्छ हवं. पीक निघालं की ताटं, धसकटं, सगळं गोळा करून पेटवायचं आणि वर खराटा फिरवायचा. कुणाच्या शेतात कचरा दिसला तर त्या घरात कोण आजारी आहे, अशी चौकशी व्हायची.

या गोष्टीतली जी थोरली सून, तिच्या घरचं शेत रस्त्याला लागून होतं. ते सासूबाईंच्या नावावर होतं. मका दरसाल उतरत चालला होता आणि खताची पोती वाढत चालली होती. एका रात्री जेवताना धाकट्या दिराने विषय काढला.

"आई, त्या जमिनीत आता राम राहिला नाही. वरची फूटभर माती भट्टीला देऊन टाकू. खाली काय कमी आहे?"

"खालच्या मातीत मका येईल, भाऊजी?" थोरलीने विचारलं.

"माती ती मातीच ना, वहिनी."

थोरलीचा नवरा जेवत होता. तो जेवत राहिला.

थोरलीने सासूबाईंकडे एक पीक मागून घेतलं. "पाचोळ्याच्या पद्धतीने करून बघते. नाही साधलं तर मी स्वतः टोपल्या भरून देईन."

सासूबाईंनी जेवून हात धुतला. मग म्हणाल्या, "कर. पण कुणी विचारलं तर घरात सगळे धडधाकट आहेत म्हणून सांग."

थोरलीने ताटं पसरली आणि त्यांतूनच बी टोकलं. येणारेजाणारे थांबून तब्येतीची चौकशी करत. मका गुडघ्याला लागला आणि लेकीचं बाळंतपण आलं. थोरली निघाली. जाताना शेजारणीला सहज म्हणाली, "शेताकडे जरा लक्ष असू द्या."

तेवढीच तिची चूक झाली.

परत आली तेव्हा शेत तेल लावून विंचरलेल्या डोक्यासारखं दिसत होतं. मक्याच्या ओळींमधे काडी म्हणून नव्हती. शेजारीण वाटच बघत होती.

"तू लेकीकडे अडकलेली, शेताची ही दशा. आम्हाला बघवेना. सगळी आळी लागली हो."

"फार कष्ट घेतलेत," थोरली म्हणाली.

"मग! ताटं काय थोडी होती?"

"कुठे आहेत ती?"

"जाळली. तुला आणि कशाला ताप."

विहिरीच्या बाजूला चार ओळींत मात्र ताटं तशीच होती. शेजारणीने त्याबद्दल वाईट वाटून घेतलं. "तेवढं राहिलं बघ. तुझा दीर वाकला आणि पाठीत उसण भरली. त्याला खाटेवर घालून घरी आणला, मग आमचाही जीव लागेना."

घरात धाकटा पालथा पडला होता. "वहिनी, उरलेलं मी बरा झालो की करतो."

"नको हो. पाठीला जपा."

त्यानंतर थोरली रोज त्याची पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी पाठवू लागली आणि अजिबात वाकू नका म्हणून बजावू लागली. एवढी काळजी तिने नवऱ्याचीही कधी केली नव्हती.

मग पावसाने ओढ दिली. झाडलेल्या शेतातल्या मक्याची पानं दुपारची सुरळ्या होऊन उभी राहत. पुढे सकाळीही उलगडेनात. विहिरीकडच्या चार ओळी हिरव्या होत्या. विहिरीला तर पाणी नव्हतं, त्यामुळे त्या हिरवेपणाचं श्रेय तिलाही देता येईना. थोरली रोज जाऊन बघायची. तिने मागितलेलं एक पीक बहुतेक संपलंच होतं.

धाकटा उठून बसायला लागला आणि त्याने पहिलं काम केलं ते भट्टीवाल्याला बोलावण्याचं. सासूबाईही शेतावर आल्या. भट्टीवाल्याने झाडलेल्या भागात फावडं मारलं. ते टणकन वाजलं. तो खूष झाला. "माल उत्तम आहे. अर्धी वीट तर झालेलीच आहे."

मग तो विहिरीकडे गेला. तिथे ताटांखाली फावडं मुठीपर्यंत आत गेलं. ओली, भुसभुशीत माती वर आली, तिच्यात गांडुळं. त्याने तोंड वाकडं केलं. "ही नको. हिची वीट भट्टीत तडकते."

सासूबाईंनी ती माती हातात घेतली, दाबली, सोडली. मग धाकट्याकडे वळल्या.

"एवढंच कसं राहिलं?"

"माझी पाठ धरली होती, आई."

"पहिल्या ओळीलाच धरायला हवी होती."

एवढं बोलून त्यांनी भट्टीवाल्याला चहा पाजला आणि रिकाम्या ट्रकने वाटेला लावलं. त्या वर्षी मका चार ओळींचाच खाल्ला. पुढच्या पिकाला थोरलीने सगळं शेत झाकलं.

भट्टीवाल्याने शेजारणीची माती नेली. तिथे मोठा खड्डा झाला, त्यात पाणी साचतं आणि बदकं पोहतात. शेजारीण म्हणायची, बदकं छान दिसतात. पाचोळ्याची बदली झाली. त्याच्या जागी दुसरा साहेब आला, तोही पाचोळाच झाला. सासूबाई नव्वदीच्या होऊन गेल्या, शेत थोरलीच्या नावावर करून. थोरलीच्या नवऱ्याने त्या सगळ्या प्रकरणावर मत दिलं ते बऱ्याच वर्षांनी: मका पूर्वीपेक्षा गोड लागतो.

धाकटा आसपासच्या गावांत व्याख्यानं देऊ लागला. तुलना करता यावी म्हणून चार ओळी आपण मुद्दाम सोडल्या होत्या, असं तो सांगायचा. थोरली पहिल्या रांगेत बसून ऐकायची आणि मान डोलवायची.

ती आता पंच्याऐंशीची आहे. अंगण स्वतः झाडते. लेकीकडे जाते, पण शेजारीपाजारी कुणाला सांगून जात नाही.