वीस रेघा

बायको सोनूबाई गेल्याचं कळलं, तेव्हा तुळशीदास तिची काचेची सिरिंज उकळत होता. दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळातून घरी सोडणार होते. शेजारचा शामराव इस्पितळातून आला आणि टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. तुळशीदासने स्टोव्ह बंद केला.

सोनूबाईला अक्षरओळख नव्हती. तरी सात वर्षं तिने इन्सुलिन स्वतःच्या हाताने टोचून घेतलं. तुळशीदासने एकदाच शिकवलं होतं, "वीस रेघा. एकोणीस नाही, एकवीस नाही." विसाव्या रेघेवर त्याने लाल नेलपॉलिशची खूण केली होती. ती कधी चुकली नाही. तो स्वतः लोअर परळच्या गिरणीत रंगखात्यात सव्वीस वर्षं रंग मोजत आला होता. छटा बिघडली म्हणून त्याचं एकही ठाण परत आलं नव्हतं. तरी तो सगळ्यांना सांगायचा, "माझ्यापेक्षा तिचा हात पक्का." मग संप झाला. पाच वर्षं झाली, त्याच्या मापाची कोणाला गरज उरली नव्हती.

गॅलरीत तेलाच्या डब्यात सोनूबाईची अबोली होती. चाळीतल्या गौरीला पहिली वेणी दरवर्षी तिचीच. यंदाही ती चुकू नये, एवढंच तुळशीदासच्या मनात होतं.

पण तेराव्यानंतर पाहतो तर पानांच्या कडा करपलेल्या. समोरच्या खोलीतली कमल रडवेली होऊन म्हणाली, "भाऊ, मीच घातलं हो. दादरहून पातळ खत आणलं होतं. दोन बुचं ओतली. वाटलं, वहिनींचं झाड आहे, जास्त घालूया."

"मायेने घातलंस. पण खताला माया कळत नाही, माप कळतं," तुळशीदास म्हणाला.

आठवडाभर त्याने डब्यातून नुसतं पाणी वाहू दिलं. नवी पालवी दिसली तेव्हा कमलची खताची बाटली आणून वरचं लेबल वाचलं. लिटरभर पाण्याला दोन मिलि. डब्याला पाव लिटर पुरे, म्हणजे खत अर्धा मिलि. बुचावर तर एकही खूण नाही. त्याने स्टीलच्या डबीतून सिरिंज काढली. चाळीस रेघांचा एक मिलि. अर्ध्याच्या किती?

वीस.

त्याने सुई काढून ठेवली, खत ओढलं, टिचकी मारून बुडबुडा वर घालवला, सिरिंज डोळ्यासमोर धरली आणि दट्ट्या लाल खुणेवर आणला.

शामराव गॅलरीतून ओरडला, "काय रे, झाडाक डायबिटीस झालो काय?"

"हस मेल्या. तुझी तुळस कोणी जाळली?"

"मीच. कमलचं खत बुचाने घातलं."

"मग घेऊन ये ती इकडे."

दर पंधरा दिवसांनी वीस रेघा. शामरावची तुळस सावरली, मग मजल्यावरच्या कुंड्या एकेक करून तुळशीदासच्या दारात येऊ लागल्या. कोणी विचारलं तर तो सिरिंज दाखवून सांगायचा, "हे सोनूबाईचं माप."

भाद्रपदात अबोली डब्याबाहेर ओसंडून फुलली. कमल दोरा घेऊन आली. "द्या भाऊ, मी गुंफते."

"नको. तिची गाठ वेगळी होती. मी बघतो."

सकाळपासून त्याने तीनदा गुंफलं आणि तीनदा उसवलं. गौर उद्या येणार. फुलं ओल्या फडक्यात ठेवली आहेत. वेणी अजून व्हायची आहे.