शेवटच्या अंघोळीचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. मागच्या दारी, मोडक्या खुर्चीशेजारी आडवा पडलेला तो ढोल म्हणजे मीच. भंगारवाला आला की जाईन. तोवर दोन शब्द बोलून घेतो, कारण आयुष्यभर मी नुसता गुरगुरलो.

कारखान्यात मला तांब्याची टाकी मिळाली, आत तापणारी कॉईल मिळाली आणि ऊब उडून जाऊ नये म्हणून भोवती जाड अस्तर मिळालं. मग मी या घराच्या न्हाणीघरात भिंतीवर चढलो. तेव्हा घरात दोघंच होते, आजोबा आणि त्यांचा मुलगा. दोघांना पुरून उरेल एवढं पाणी मी धरायचो. आजोबा येईल त्या पाहुण्याला न्हाणीघरात नेऊन मला दाखवायचे. खोटं कशाला बोलू, मी फुलून जायचो.

पुढे मुलाचं लग्न झालं, मग ताईचा जन्म झाला. मुलाचे बाबा झाले, सूनबाईची आई झाली. माणसं वाढली, पण माझी टाकी होती तेवढीच राहिली. उलट पाण्यातला क्षार आत साचत गेला आणि जागा कमीच झाली. मला एकदा उघडून साफ करावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. गरम पाणी येतंय ना, मग कशाला हात लावायचा, असं बाबांचं म्हणणं.

सकाळचा क्रम ठरलेला होता. आधी आजोबा, मग बाबा, मग ताई, सगळ्यांत शेवटी आई. माझ्या समोर एक आरसा होता. तिघांच्या अंघोळीत तो वाफेने भरून जायचा आणि ताई त्यावर बोटाने चिमण्या काढायची. आईची पाळी येईपर्यंत आरसा लख्ख झालेला असे. ती नळाखाली हात धरायची, मग घाईघाईने चार तांबे ओतून बाहेर. हूं नाही की चूं नाही. आईला गारच पाणी आवडतं, असा घरात सगळ्यांचा पक्का समज होता. थंडीत तिची बोटं आखडायची. माझा जीव तुटायचा, पण बॉयलरचं ऐकतो कोण!

मग एका सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर, ताईने फळीवरचा पिठाचा डबा काढताना स्वतःवर उपडा केला. पुन्हा न्हायला आली, नळ सोडला आणि किंचाळली. बॉयलर बिघडला म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं.

“बिघडला नाही गं,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “शेवटी असंच येतं. पहिला तांबा पायांवर घे, मग एवढं लागत नाही.”

ताई तशीच, पांढरीफटक, दारात येऊन उभी राहिली. “पण तुला तर गार आवडतं ना?”

आई तिच्या केसांतलं पीठ झटकू लागली.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. माझ्या पोटातून त्याने क्षाराचे पापुद्रे काढले, खालून टाकी गळत होती तेही दाखवलं. माझी सद्दी संपली होती. आता नवा कुठला घ्यायचा यावर घरात खल सुरू झाला. बाबांना झटपट तापवणारा छोटा हवा होता. जागा कमी, वीजही कमी. आजोबांना हुबेहूब माझ्यासारखाच हवा होता. छोट्याची धार कडक थंडीत बारीक होते, हे प्लंबरने सांगितलं आणि विचारलं, सकाळी एकामागून एक किती जण अंघोळ करतात?

“तिघं धरा,” आई सवयीने म्हणाली.

तिघं म्हणजे पुन्हा माझ्याएवढीच टाकी, आणि आईच्या वाट्याला पुन्हा तेच गार पाणी.

“चौघं,” ताई म्हणाली. “आणि चौथीला आमच्याइतकंच गरम पाणी पाहिजे.”

आजोबांनी हळूच विचारलं, “सूनबाई, इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“विचारलं कुठे कुणी?” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच आजोबांना मान वर करवेना.

साठवणीचाच, पण चौघांना पुरेल असा मोठा बॉयलर आला आणि मी इथे आलो. मित्रांनो, माझं एक ऐका. बॉयलर घ्यायला निघाल तेव्हा किंमत बघा, वीज बघा, जागाही बघा. पण घरात शेवटी अंघोळ कोण करतं, हे आधी विचारा. आणि अधूनमधून आम्हाला उघडून साफ करत जा. आम्हाला बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं ते बोलतातच असं नाही.

आज सकाळी आई नेहमीसारखी शेवटीच अंघोळीला गेली. आतून कितीतरी वेळ पाण्याचा आवाज येत होता. गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी तिला कुणी हाक मारली नाही. ती बाहेर आल्यावर ताई कंगवा घ्यायला आत गेली.

“आरशावर चिमणी कुणी काढली?” तिने विचारलं.