बिनआवाजी तीस सेकंदे

"चेहरा पूर्ण झाक," सार्जंट ओल्डहॅम लोरेटाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "नुसती जखम नको."

"नियमात जखमच आहे, सार्जंट."

"आईनं पोराचा चेहरा असा बघायचा का? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

माणुसकीचे नाव काढून त्याने हातातली केकची बशी तिच्या टेबलावर ठेवली. वरच्या मजल्यावर, हॅकमन कामावर परतला म्हणून केक कापला होता. गोळीबाराच्या चौकशीपुरती मिळालेली त्याची भरपगारी रजा संपली होती. केकवर कोणीतरी चॉकलेटची पहार काढली होती. लोरेटाच्या वाट्याला पहारीचे टोक आले होते.

लोरेटा प्रुइट ओहायोतल्या त्या लहान गावाच्या पोलीस ठाण्यात एकोणीस वर्षे नोंदींच्या खोलीत बसत होती. पूर्वी ती लोकांना द्यायच्या कागदांतल्या गुप्त मजकुरावर काळी शाई फिरवायची. आता पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांतली चित्रे झाकायची. चेहऱ्यावर एक धूसर गोल ठेवला की तो चेहऱ्यामागे आपोआप फिरे. कॅमेऱ्याचे बटण दाबले की चित्रण सुरू होई, आणि त्याआधीची तीस सेकंदेही यंत्र राखून ठेवी, पण आवाजाशिवाय. हॅकमनने बटण दाबले होते ते गोळ्या झाडून झाल्यावर.

त्या तीस सेकंदांत फेब्रुवारीतली सकाळ होती. तेवीस वर्षांचा वेंडेल टिलमन शेजारच्या म्हातारीच्या गॅरेजचे बर्फाने धरलेले दार पहारीने मोकळे करत होता. चोर आहे, असा कोणीतरी फोन केला होता. हॅकमनच्या अहवालात लिहिले होते की तो पहार उगारून 'डोकं फोडीन' असे ओरडला. चित्रात पहार त्याच्या हातात होती, थोडी वर. उगारली होती की नुसती धरली होती, हे ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे ठरवावे. सरकारी वकिलाने अहवालाप्रमाणे ठरवले आणि फाइल बंद केली.

लोरेटाचे वडील बहिरे होते. मुलांना कळू नये म्हणून आईवडील आवाज न काढता ओठांनीच भांडत, आणि दाराच्या फटीतून ती भांडणे पाहता पाहता लोरेटा ओठ वाचायला शिकली होती. वेंडेलचे ओठ तिने बारा-पंधरा वेळा पाहिले. 'ठेवतोय, सर. खाली ठेवतोय. बघा.' मग तो वाकला. मग पडला.

मागच्या आठवड्यात तिने सार्जंटला सांगून पाहिले होते.

"ओठ वाचतेस? छान," तो म्हणाला होता. "शपथेवर सांगशील? समोरचा वकील विचारेल, मॅडम, वय किती, चष्म्याचा नंबर किती. आणि तुझ्या नवऱ्याच्या, रॉयच्या डायलिसिसचा विमा कुणाच्या नोकरीवर चाललाय, ते मी विचारणार नाही. मी तुझा मित्र आहे, लोरेटा."

तिने गोल ठेवला.

"थोडा मोठा. हनुवटीपण येऊ दे. हां. बघ, किती सोपं होतं."

गोल वेंडेलच्या चेहऱ्यावर इमानाने बसला. वेंडेल वाकला तेव्हा गोलही वाकला.

सार्जंट गेल्यावर तिने केक खाल्ला. टाकला असता तर कचऱ्याच्या डब्यात कोणाला तरी दिसला असता.

तीन वाजता ओडेसा टिलमन खिडकीशी आली. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती थेट आली होती. केसांवरची जाळी काढायची राहिली होती. दर मंगळवारी ती अशीच यायची आणि चित्रण मिळण्यासाठी केलेल्या अर्जाचे काय झाले ते विचारून जायची. खिडकीची काच जाड होती. बाहेरचे बोलणे आत ऐकू येई. आतले मात्र लोरेटाने टेबलावरचे बटण दाबून धरले तरच बाहेर जाई.

"तयार आहे म्हणे?"

लोरेटाने बटण दाबले. "हो, मिसेस टिलमन. पण सुरुवातीला आवाज नाहीये."

"ते सांगितलंय मला. आवाज नकोच आहे." ओडेसा काचेजवळ सरकली. "आमच्या चर्चमध्ये एक मुलगी आहे, जन्मापासून बहिरी. ओठ बघून सगळं सांगते. पाद्र्यांचं पोट बिघडलेलं असलं तरी ओळखते." ती किंचित हसली. "माझा वेंडेल कुणाचं डोकं फोडीन असं म्हणणार नाही हो. रागावला की गप्प बसायचा तो. शेवटचं काय बोलला, तेवढं कळलं की झालं. तोंड नीट दिसतं ना?"

लोरेटाचे बोट बटणावरून निघाले. डिस्कचे पाकीट तिच्या दुसऱ्या हातात होते. तिने ओडेसाकडे पाहिले आणि अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर ओठांवर स्पष्ट उमटवीत, ती बोलू लागली. ठेवतोय, सर. खाली ठेवतोय. बघा.

ओडेसाने कपाळाला आठ्या घातल्या. मग बोटाच्या पेराने काच ठोठावली.

"ऐकू येत नाही, मॅडम. बटण दाबा."

लोरेटाने पुन्हा एकदा ओठ हलवले. मागे जिन्यावर बूट वाजले. कोणीतरी हसत खाली येत होते.

तिने बटण दाबले.

"पावतीवर सही करा," ती म्हणाली आणि पाकीट खाचेतून बाहेर सरकवले.

ओडेसाने आधी एप्रनला हात पुसले. मग पाकिटाची कड कुठे दुमडू नये म्हणून ते छातीशी धरून, एका हाताने, सावकाश सही केली.