बारा माणसं, एक कठडा

घरच्या माणसांना घेऊन बोट बुडवलीत, तर तो तुमचा घरगुती प्रश्न. पैसे घेऊन कुणाला बुडवलंत, की सरकार मध्ये पडतं. ताईनं आपली यॉट धंद्यासाठी नोंदवायचं ठरवल्यापासून सरकार आमच्या फारच मध्ये पडत होतं.

आधी लाइफ जॅकेटं आली, प्रत्येकाला एक शिट्टी. मग आग विझवायचे सिलिंडर, फुगणारा तराफा. नोंदणीचा क्रमांक मी बोटीच्या पाठीवर रंगवला. शेवटचा आकडा जरा अशक्त आहे, कारण तिथं रंग संपत आला होता. उरली एकच परीक्षा. बाराच्या बारा प्रवासी एकाच कठड्याला जाऊन उभे राहिले तर बोट किती कलते, हे सरकारी सर्व्हेयर मोजणार होता. पास झालो तर उद्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक. नापास झालो तर सर्व्हेयरची पुढची तारीख हंगाम संपल्यावर, आणि ताईनं नोकरीचा राजीनामा तर देऊन टाकलेला. तिच्या साहेबांनी तो इतक्या आनंदानं घेतला होता की परत जायचं नावच नको.

परीक्षेला माणसांऐवजी वाळूची पोतीही चालतात.

"पोती आणा, चढवा, उतरवा," ताई म्हणाली. "नातेवाईक आपले आपण चढतात."

"उतरत नाहीत," मी म्हणालो.

तरी नातेवाईकच बोलावले. सहा बाबांकडचे, सहा आईकडचे. धाकट्या काकूलाही विचारलं होतं, पण तिला पाणी सोसत नाही. बादलीतलंसुद्धा बघवत नाही, म्हणाली.

गडबड अशी की बाबांकडच्यांत आत्या होती आणि आईकडच्यांत मावशी. मी शाळेत असताना मावशीनं आत्याची छत्री नेली होती. ती परत आणून आमच्या दारामागे ठेवली. आत्यानं घ्यायला हात घातला तर हातात काळी छत्री. दिलेली होती हिरवी, पिवळ्या झालरीची. मावशीचं म्हणणं, मी हिरवीच ठेवली. तेव्हापासून एक खोलीत आली की दुसरी बाहेर. लग्नाच्या फोटोंत दोघी दोन टोकांना उभ्या असतात. त्यामुळे आमच्याकडचे फोटो फार रुंद येतात.

धक्क्यापासून थोडं आत आम्ही नांगर टाकला. सर्व्हेयरनं केबिनच्या छतापासून ओळंबा सोडला, तो झोके घेऊ नये म्हणून त्याचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं, आणि मागे एक फळी लावली. फळीवर दोन्हीकडे एकेक लाल रेघ. ओळंब्याची दोरी रेघेपलीकडे गेली की बोट नापास.

"चला, सगळे उजव्या कठड्याला!"

आत्या उजवीकडे गेली. तिच्यामागे बाबा आणि त्यांच्याकडचे चौघे. मावशी डावीकडे गेली. तिच्यामागे आई आणि तिच्याकडचे चौघे. संसार सुखाचा असला तरी या प्रश्नावर आई-बाबा विभक्त राहतात.

ओळंबा ढिम्म हलला नाही.

"इतकी स्थिर बोट मी पाहिली नाही," सर्व्हेयर म्हणाला. "पण असं चालत नाही हो. बरं, सगळे डावीकडे या!"

सगळ्यांनी बाजू बदलल्या. आत्या आणि मावशी मधोमध एकमेकींकडे न बघता पार झाल्या. ओळंबा तिथंच.

"मावशी, पाच मिनिटं," ताई म्हणाली. "माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी जीव देईन गं. त्या बाईशेजारी उभी नाही राहणार."

"आत्या?"

"मी सांगितल्या जागी उभी आहे. ज्यांनी छत्र्या बदलल्या त्यांनी हलावं."

सर्व्हेयरनं बॅगेची चेन ओढायला सुरुवात केली. बांधून झालेल्या दोराला ताई आणखी एक गाठ मारायला लागली. रडू आवरायची तिची हीच पद्धत आहे. लहानपणी तिची दप्तरं उघडायची नाहीत.

तेवढ्यात डावीकडून फेरीबोट आली. वरच्या मजल्यावर, ऐन मध्यभागी, धाकटी काकू. एका हातात आइस्क्रीम आणि डोक्यावर हिरवीगार छत्री, पिवळ्या झालरीची.

"अगं बाई, माझी छत्री!" आत्या ओरडली.

"कुठाय?" म्हणत मावशी उजवीकडून धावली. तिच्यामागे तिच्याकडचे सगळे. दोघी कोपराला कोपर लावून कठड्यावरून वाकल्या.

"बघ! हिरवीच ठेवली होती की नाही मी?"

"हो गं, हिरवीच! आणि पाणी सोसत नाही म्हणे मेलीला!"

बोट कलली. सर्व्हेयर बॅगेसकट घसरत ओळंब्यापाशी पोचला. दोरी लाल रेघेकडे निघाली, निघाली, आणि बोटभर अलीकडे थांबली.

"हलू नका! कुणी हलू नका!"

त्याचं ऐकत होतं कोण? शिट्टी फक्त संकटात वाजवायची, असं मी सकाळीच समजावलं होतं. बाराही शिट्ट्या वाजल्या. काकूनं आमच्याकडे पाहिलं आणि तोंड लपवायला छत्री पुढे धरली. झालर आता आणखी छान दिसायला लागली.

"मोजलं!" सर्व्हेयर म्हणाला. "आता दुसरी बाजू."

हे सांगायची गरजच पडली नाही. फेरीबोट आमच्या मागून वळून उजवीकडे गेली आणि बाराही जण शिट्ट्यांसकट उजवीकडे धावले. दोरी पुन्हा बोटभर अलीकडे थांबली.

सर्व्हेयरनं मांडीवरच कागद धरून शिक्का मारला. ताईनं आधी त्याला मिठी मारली, मग मला, मग चुकून ओळंब्याला.

"झालं ना तुझं?" आत्या म्हणाली. "आता ती बोट गाठ."

"आत्या, ही आता धंद्याची बोट आहे हं."

"मग भाडं घे!"

आत्यानं स्वतःहून पर्स उघडलेली आमच्या घराण्यात कुणी पाहिली नव्हती. बाबा खाली बसले.

"थांब, मी देते," मावशी म्हणाली.

"तू का? छत्री माझी आहे."

"बदनामी माझी झालीय!"

"म्हणून काय झालं? मीच देणार."

"बघतेच कशी देतेस!"

आत्या तरातरा उजवीकडे गेली, मावशी डावीकडे. दोघींच्या पर्सा उघड्या, दोघींच्या मागे आपापली माणसं. मी नांगर उचलला. सर्व्हेयरला उतरवायचं आम्ही विसरलो होतो. त्यानं सवयीनं ओळंब्याकडे पाहिलं.

"एकदम सरळ," तो म्हणाला आणि लाइफ जॅकेटचा पट्टा घट्ट केला.

ताईनं वेग वाढवला. आमची पहिली कायदेशीर फेरी जराही न डुलता काकूच्या मागे लागली.